ट्रेलरची शाकारणी: चाकांवरचं घर घेताना, सांभाळताना आणि बदलताना

राजापूरकडच्या आमच्या घरावर मंगलोरी कौलं होती. मे महिना लागला की शाकारणी ठरलेली. कौलं उतरवायची, तडकलेली बाजूला काढायची, कुजलेली रीप बदलायची आणि मिरगाच्या आधी सगळं पुन्हा वर चढवायचं. आम्हा मुलांचं काम कौलं हातोहात पोचवण्याचं. न्यू जर्सीत आम्ही सात वर्षांचा जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला तेव्हा त्या कामाचं महत्त्व मला खऱ्या अर्थाने कळलं.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागच्या हिचला (ओढण्यासाठी बसवलेल्या जोडणीला) जोडून ओढायचं घर: पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, सगळं आत. त्याला इंजिन नसतं, म्हणून बिघडण्यासारखं काही नाही असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक ट्रेलरच्या भिंती म्हणजे लाकडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट, मधे थर्मोकोलसारखं फोम आणि दोन्ही बाजूंना पातळ प्लायवुड किंवा फायबरग्लासचा पत्रा. छताच्या कडा, खिडक्या, व्हेंट, शिडीचे स्क्रू अशा शंभरेक जागी फक्त सीलंटच्या पट्टीने पाणी थोपवलेलं असतं. ती पट्टी तडकली की पाणी आत शिरतं आणि दोन-तीन वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून खरेदी, देखभाल आणि बदल या तिन्ही गोष्टींकडे मी आधी पाण्याच्या नजरेने बघते. दुसरी नजर वजनाची. पाणी ट्रेलर संपवतं, वजन माणसांच्या जिवावर येतं, म्हणून सुरुवात वजनापासून.

आधी स्वतःच्या गाडीचं दार उघडा

ट्रेलर बघायला जाण्याआधी आपल्या गाडीचं ड्रायव्हरकडचं दार उघडा. चौकटीवर पिवळं-पांढरं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून अमुक पाऊंडांपेक्षा जास्त वजन नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा झाला पेलोड. जाहिरातीत गाडी 5,000 पाऊंड ओढते असं मोठ्या अक्षरात असतं, पण बहुतेक कौटुंबिक एसयूव्हींच्या बाबतीत ओढण्याची क्षमता संपण्याआधी पेलोड संपतो.

उदाहरण मांडून बघू. माहितीपत्रकात ट्रेलरचं रिकामं वजन 3,600 पाऊंड. त्यात बॅटरीचे 60, दोन भरलेल्या सिलिंडरांतल्या गॅसचे 40, तीस गॅलन पाण्याचे 250 (एक गॅलन पाणी 8.34 पाऊंड भरतं), आणि भांडीकुंडी, अंथरुणं, खुर्च्या, पाइप, किराणा यांचे 500 धरा. झाले 4,450 पाऊंड, म्हणजे दोन टनांच्या वर. 5,000 च्या आत आहे म्हणून आपण खूश. आता ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा जो भार हिचवर येतो त्याला टंग वेट म्हणतात. भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के इतका तो असायलाच हवा. 12 टक्क्यांनी 534 पाऊंड. चौघांच्या कुटुंबाचे 560, गाडीतल्या सामानाचे 250, वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे (मागे पडणारा भार पुढच्या चाकांवरही वाटून देणाऱ्या जोडणीचे) 80. बेरीज 1,424. स्टिकरवर 1,350 असेल तर गाडी पहिल्याच दिवशी मर्यादेबाहेर. घरात किशोरवयीन मुलं असतील तर दर वर्षी हा आकडा आपोआप वाढतो, तेही धरा.

विक्रेत्याने तुमची गाडी हा ट्रेलर आरामात ओढेल असं सांगितलं तरी ही बेरीज स्वतः करा. आम्हाला एका ठिकाणी तसं सांगितलं होतं आणि आम्ही दार उघडून बघितलंच नव्हतं. पुढे कॅट स्केलवर खरा आकडा कळला. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर हा काटा असतो. त्यावर गाडीची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं वेगवेगळी तोलली जातात. एकदा ट्रेलर जोडून आणि एकदा सोडून वजन करा. दुसऱ्या खेपेपेक्षा पहिल्या खेपेला गाडीचं वजन जितकं जास्त भरतं, तितका ट्रेलरचा भार गाडीवर येतो आहे. पहिल्या सहलीच्या आधी हे करायलाच हवं.

मालकाच्या पुस्तिकेत आणखी दोन गोष्टी बघा. हिचची स्वतःची मर्यादा (वेट डिस्ट्रिब्युशन वापरलं तर एक आकडा, नाही तर दुसरा) आणि ट्रेलरच्या दर्शनी भागाचं क्षेत्रफळ. उंच, रुंद ट्रेलर वाऱ्याला अडवतो, म्हणून काही गाड्यांना तीही मर्यादा असते.

कोणता घ्यावा

अमेरिकेतले बहुतांश ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात बनतात. वेगवेगळ्या नावांखाली आतली शेगडी, फ्रिज, हीटर, ॲक्सल त्याच तीन-चार कंपन्यांचे असतात, त्यामुळे ब्रँडवर फार अडून बसू नका. जुना घेताना आधीच्या मालकाने तो कसा ठेवला, उघड्यावर की छपराखाली, याला मी जास्त किंमत देते.

दोन प्रकार मात्र खरोखर वेगळे. एक, स्कॅम्प किंवा कसिटासारखे अंड्याच्या आकाराचे फायबरग्लासचे छोटे ट्रेलर. दोन अखंड कवच जोडलेली असल्याने त्यांना सांधे कमी आणि गळतीही कमी. म्हणूनच जुने झाले तरी त्यांची किंमत टिकते. दुसरा एअरस्ट्रीम, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना रिव्हेट मारून ओहायोतल्या जॅक्सन सेंटरला बनणारा. देखणा आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण रिव्हेटच्या ओळींतून तोही गळतो. वर्तुळाकार भिंती बघून भुलून जमिनीचे कोपरे तपासायचे राहू देऊ नका.

स्लाइड-आउट, म्हणजे बटण दाबल्यावर बाहेर सरकणारी खोली, पहिल्या ट्रेलरला नको असं माझं स्पष्ट मत. जागा मिळते, पण वजन वाढतं आणि पाणी शिरायला चार कडा वाढतात.

लांबीच्या बाबतीत एक सांगते. ट्रेलरच्या नावातला आकडा नेहमी पूर्ण लांबी नसते. जोडणीच्या दांड्यासह मागच्या बंपरपर्यंत टेप लावून मोजा. राष्ट्रीय उद्यानांतल्या जुन्या कॅम्पग्राउंडांच्या जागा छोट्या असतात. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरातल्या टप्प्यावर तर 21 फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदीच आहे, आणि त्यात गाडी अधिक ट्रेलर अशी एकत्र लांबी धरतात.

पाहणी: नाक, बोटं आणि विजेरी

पाहणीला पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. दार उघडल्या उघडल्या आत जाऊन श्वास घ्या. खिडक्या आधीच सताड उघड्या असतील किंवा सुगंधी फवारा मारलेला असेल तर शंका घ्या. कुबट वास ट्रेलरमध्ये झाकता येतो, घालवता येत नाही.

मग पलंगाखालची फळी उचला. आमचा ट्रेलर घेण्याआधी आम्ही एक चकचकीत ट्रेलर बघितला होता. नवे पडदे, नवी गादी, भिंतींना ताजा पांढरा रंग. मी पुढच्या पलंगाखाली आडवी होऊन विजेरी लावली आणि कोपऱ्यात, जिथे जमीन आणि भिंत मिळते, तिथे अंगठा दाबला. प्लायवुड आत गेलं. चहात बुडवलेली खारी जशी थराथराने सुटते तसे त्याचे पदर बोटाला लागून आले, काळे आणि गार. वरून रंग कोरडा होता. आम्ही आभार मानून निघालो.

तेव्हा चारही कोपरे, खिडक्यांखालची भिंत, व्हेंटभोवतीचं छत, संडासाभोवतीची जमीन आणि कपाटांच्या आतल्या बाजू बोटांनी दाबून बघा. साधा ओलावा-मापक घेऊन गेलात तर उत्तम. एखाद्याच जागी आकडा आजूबाजूपेक्षा उडी मारत असेल तर तिथे पाणी आहे. बाहेरून भिंतीच्या टोकाला उभं राहून उन्हात तिरकं बघा. फायबरग्लासचा पत्रा पोटासारखा फुगलेला दिसला तर आतला थर सुटला आहे. त्याची दुरुस्ती ट्रेलरच्या किमतीला पोचू शकते, सरळ सोडून द्या. विक्रेत्याकडून शिडी मागून घ्या आणि वर चढून छताच्या कडा बघा. राखाडी, भेगाळलेलं सीलंट दुरुस्त होतं. पायाखाली दबणारं छत होत नाही.

यंत्रणा चालवून दाखवायला सांगा, तोंडी हमी घेऊ नका. फ्रिज आदल्या रात्रीपासून चालू ठेवायला सांगा, कारण अमोनियावर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज गार व्हायला कित्येक तास घेतो. टाकीत पाणी भरून पंप चालू करा. दाब तयार झाला की पंप थांबतो. सगळे नळ बंद असताना थोड्या वेळाने तो पुन्हा गुरगुरला तर कुठेतरी गळती आहे. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. मग गॅसवरचा हीटर, गरम पाणी आणि एसी. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत 15 ते 20 अंश फॅरनहाइटचा फरक यायला हवा. हिवाळ्यात ट्रेलर स्वस्त मिळतात, पण तेव्हा पाण्याची यंत्रणा तपासता येत नाही. तसा सौदा असेल तर काही रक्कम वसंतातल्या तपासणीपर्यंत रोखून धरायची अट लेखी घाला.

टायरच्या बाजूवर डीओटीनंतर शेवटचे चार आकडे बघा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी पाच-सहा वर्षांवरचे टायर बदलायचेच, तो खर्च किमतीतून वजा मागा.

कागदपत्रांत टायटल विक्रेत्याच्याच नावावर आहे ना, त्यावर कर्जाचा बोजा नाही ना, आणि फ्रेमवरचा क्रमांक जुळतो ना एवढं बघा. त्याच क्रमांकाने एनएचटीएसए या वाहन सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर रिकॉल, म्हणजे कंपनीने दोषामुळे दुरुस्तीसाठी परत बोलावलं आहे का, ते तपासता येतं. गाडीच्या विम्यात ट्रेलरमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान बहुधा येतं, पण खुद्द ट्रेलरचं नुकसान येत नाही. त्याची वेगळी पॉलिसी घ्या.

जोडणं आणि ओढणं

ट्रेलरच्या चाकांना इलेक्ट्रिक ब्रेक असतात आणि ते चालवायला गाडीत ब्रेक कंट्रोलर लागतो. प्रपोर्शनल प्रकारचा घ्या. तुम्ही जितका ब्रेक दाबाल त्या प्रमाणात तो ट्रेलरला ब्रेक लावतो. गाडीला सात पिनांचा प्लग हवा. चार पिनांच्या प्लगवर फक्त दिवे लागतात.

जोडताना क्रम बदलू नका. चाकांना अडण्या (चाक घसरू नये म्हणून लावायचे ठोकळे). कपलर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाची खोबण, गाडीच्या हिचवरच्या बॉलवर उतरवा (2 इंच की 2 5/16 इंच, दोघांचं माप एकच हवं), कडी लावून पिन घाला. आता पुढचा जॅक उलटा फिरवून ट्रेलर थोडा वर उचला. गाडीची मागची बाजू त्याच्याबरोबर वर आली तर कपलर खरोखर अडकला आहे. हे अर्ध्या मिनिटाचं काम कधीही चुकवू नका. साखळ्या खालून एकमेकींना ओलांडून लावा, म्हणजे कपलर सुटला तरी पुढचं टोक साखळ्यांच्या झोळीत पडेल. तुटल्यास आपोआप ब्रेक लावणारी ब्रेकअवे केबल साखळीला नाही, गाडीला वेगळी अडकवा. प्लग, दिवे, आरसे. मग अडण्या काढून ताशी वीस मैलांनी जात कंट्रोलरची हाताची कळ दाबा. ट्रेलरने मागून ओढल्यासारखं जाणवलं पाहिजे.

ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळू सोडा आणि हाताच्या कळीने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावा. मग पुढच्या थांब्यावर सामान तपासा. बहुतेक वेळा मागे जास्त वजन पडलेलं असतं.

आमच्या भागातले लोक हमखास फसतात ते रस्त्यांवर. पॅलिसेड्स पार्कवे आणि कनेटिकटचा मेरिट पार्कवे ट्रेलरला बंद आहेत. दक्षिणेकडे जाताना बाल्टिमोरच्या हार्बर आणि फोर्ट मॅकहेन्री या दोन्ही बोगद्यांत घरगुती 20 पाऊंडी गॅस सिलिंडर नेता येत नाही. पूर्वी तिथल्याच की ब्रिजवरून जायचो. 26 मार्च 2024 ला जहाज धडकून तो कोसळला, तेव्हापासून शहराला वळसा घालणाऱ्या 695 क्रमांकाच्या महामार्गाच्या पश्चिम बाजूने वळसा घालावा लागतो. अर्धा-पाऊण तास जास्त धरून निघा. व्हर्जिनियातल्या शेनांडोआ नॅशनल पार्कमधल्या मेरीज रॉक बोगद्याची उंची 12 फूट 8 इंच आहे. आपल्या ट्रेलरची एसीसकट उंची मोजून ती चिठ्ठी गाडीच्या सनव्हायझरवर चिकटवून ठेवा.

देखभाल: वर्षाची शाकारणी

छत वर्षातून किमान दोनदा, आणि लांबच्या प्रवासानंतर एकदा. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, वाळू द्या. मग हाताने प्रत्येक व्हेंट, अँटेना, कड चाचपत जा. छत रबराचं म्हणजे ईपीडीएमचं आहे की टीपीओचं, हे कागदपत्रांत बघा आणि त्यालाच चालणारं स्वतः पसरणारं लॅप सीलंट आणा. हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन छतावर अजिबात नको. ते चिकटत नाही, आणि एकदा लागलं की त्यावर दुसरं काहीही चिकटत नाही. जुनं घट्ट असेल तर वरूनच नवा थर द्या, सुटलेलं असेल तेवढंच प्लास्टिकच्या पट्टीने काढा. खिडक्यांच्या कडांना वेगळं, न ओघळणारं सीलंट लागतं.

चाकांची बेअरिंग दर 12 महिन्यांनी किंवा 12,000 मैलांनी साफ करून नव्या ग्रीसने भरतात. हे घरी जमतं. जॅक फ्रेमला लावायचा, ॲक्सलच्या नळीला नाही. बेअरिंग काढून जुनं ग्रीस पूर्ण धुवायचं, निळसर डाग किंवा खड्डा दिसला तर नवं आणायचं. तळहातावर ग्रीसचा लिंबाएवढा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबून खरवडत राहा. वरच्या फटीतून ग्रीसचे बारीक शेवेसारखे धागे बाहेर यायला लागले की तेवढा भाग भरला. मग थोडं फिरवा, पुन्हा तेच. सील आणि खिळपिन दर वेळी नवीन. चाक परत बसवल्यावर नट ठरलेल्या टॉर्कने आवळा आणि 10, 25, 50 मैलांनी पुन्हा तपासा.

टायरची हवा सकाळी, चाकं थंड असताना, बाजूवर लिहिलेल्या दाबाप्रमाणे. एसटी खुणेचेच टायर घ्या, ते ट्रेलरसाठी असतात.

गरम पाण्याची टाकी स्टीलची असेल (सबर्बन कंपनीची असते) तर तिच्यात ॲनोड दांडा असतो. टाकीऐवजी तो गंजतो. तीन चतुर्थांश झिजला की बदला. काढण्याआधी गॅस आणि वीज बंद करा, पाणी गार होऊ द्या, दाब सोडा. टाकी रिकामी असताना विजेचं बटण चुकूनही दाबू नका, हीटरची कांडी काही क्षणांत जळते.

थंडीची तयारी हा आमच्याकडचा सर्वात मोठा विषय. ऑक्टोबर संपण्याआधी तिन्ही टाक्या (ताज्या पाण्याची, सांडपाण्याची, मैल्याची) आणि गरम पाण्याची टाकी रिकामी करा. गरम टाकीचा बायपास व्हॉल्व्ह फिरवा, नाही तर सहा गॅलन अँटिफ्रीझ उगाच तिच्यात जाईल. पंपाची नळी गुलाबी अँटिफ्रीझच्या कॅनमध्ये बुडवा (आरव्हीचं, म्हणजे अशा चाकांवरच्या घरांसाठीचंच, गाडीचं हिरवं विषारी असतं) आणि एकेक नळ, गरम आणि थंड दोन्ही बाजू, गुलाबी पाणी येईपर्यंत उघडा. संडास, शॉवर, आणि बाहेरच्या भिंतीतला शॉवर. पहिल्या वर्षी तो बाहेरचा शॉवर मी विसरले आणि एप्रिलमध्ये भिंतीआड पाणी पसरलं. सिंकच्या मोऱ्यांत एकेक कप ओता. दोन-तीन गॅलनमध्ये सगळं होतं.

वसंतात पाणी खळखळून काढा, मग टाकीच्या दर 15 गॅलनला पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच घालून सगळ्या नळांपर्यंत पोचवा, काही तास ठेवा आणि वास जाईपर्यंत धुवा.

बदल: आपल्या स्वयंपाकाला सोयीचं घर

पहिला बदल कोणता, असं विचाराल तर स्वयंपाकघरावरचा पंखा. छताच्या 14 इंची चौकोनी व्हेंटमध्ये बसणारा, आतली हवा बाहेर फेकणारा, पावसातही झाकण उघडं ठेवता येणारा. इतक्याशा जागेत मोहरी तडतडली आणि मिरची पडली की धुराचा अलार्म वाजतो आणि गाद्यांना चार दिवस वास राहतो. शिवाय गॅस जळताना वाफ सोडतो, ती थंड भिंतीवर पाणी होऊन बसते. कुकर लावताना पंखा चालू आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. आम्ही नंतर बाहेरच्या भिंतीला घडीचं टेबल लावलं. मासे आणि खमंग फोडण्या तिथेच. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पाच ते सात वर्षांत निकामी होतो. मागे तारीख असते, बघून बदला.

विजेचं गणित करून मगच पैसे घाला. 30 अँपिअरच्या जोडणीवर एकूण 3,600 वॅट मिळतात. एसीचे साधारण 1,500, इंडक्शनचे 1,800, पाण्याच्या हीटरचे 1,400. तिन्ही एकदम लावले की ब्रेकर पडणारच. पाणी गॅसवर तापवा. कॅम्पग्राउंडच्या खांबावर सर्ज प्रोटेक्टर लावल्याशिवाय प्लग घालू नका. शेनांडोआच्या बिग मेडोजसारख्या ठिकाणी जागेवर वीज-पाणी नसतंच. तिथे लीड-ॲसिड बॅटरीची निम्मीच क्षमता वापरता येते. 100 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळजवळ पूर्ण, म्हणजे सुमारे 1,280 वॅट-तास देते, आणि वजनही निम्मं. पण शून्य अंश सेल्सियसखाली ती चार्ज करायची नसते, आणि जुना कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारं यंत्र) तिला पूर्ण चार्ज करत नाही, तोही बदलावा लागतो. 200 वॅटचं सोलर पॅनेल दिवे, पंप आणि पंख्याला पुरतं. मी ते छतावर बसवलं नाही. जमिनीवर उभं करता येणारं घेतलं, म्हणजे छताला नवी भोकं नाहीत आणि ट्रेलर सावलीत ठेवून पॅनेल उन्हात ठेवता येतं.

फळ्या, कपाटं लावताना चौकटीची पट्टी शोधून तिथेच स्क्रू घाला आणि स्क्रूची लांबी भिंतीच्या जाडीपेक्षा कमी ठेवा. जड वस्तू ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे. मागच्या चौकोनी बंपरवर सायकलींचा स्टँड लावू नका. तो बंपर पातळ नळीचा असतो, आणि तिथलं वजन हिचवरचा भार कमी करून ट्रेलर हलायला लावतं. मोठा बदल केला की पुन्हा काट्यावर जा.

पहिली रात्र

पहिली रात्र घराच्या ड्राइव्हवेवर काढा. जेवण आतच करा, अंघोळ करा, संडास वापरा. काय विसरलं ते घरातून आणता येतं. दुसरी सहल तासाभराच्या अंतरावर.

जागेवर पोचल्यावर ट्रेलर जोडलेला असतानाच एका चाकाखाली फळ्या घालून डावी-उजवी बाजू समतल करा. मग दोन्ही बाजूंच्या चाकांना अडण्या. त्यानंतरच गाडी सोडा. पुढे-मागे समतल जॅकने करा, आणि शेवटी कोपऱ्यांचे टेकू फक्त टेकतील इतके उतरवा. त्यांच्यावर ट्रेलर उचलू नका. मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह मुक्कामभर बंदच ठेवा. उघडा राहिला की पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग तळाला बसतो. निघताना आधी मैल्याची टाकी, मग सांडपाण्याची, म्हणजे मागून येणाऱ्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे वेगळ्या डब्यात, आणि त्या कामाचा पाइप पिण्याच्या पाण्याच्या पाइपाजवळही ठेवायचा नाही.